देठकाकूंची दुसरी वाटी

"मीडियम तिखट द्या" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांचा मला अजून राग येतो. बावीस वर्षं मी वेटरचं काम केलं, पण मीडियम तिखट म्हणजे नेमकं किती, हे मला एकानेही सांगितलं नाही. वर सूप तिखट निघालं की डोळे माझ्यावर वटारायचे, जसं काही मिरचीचं झाड माझ्याच परसात आहे. आमच्या हॉटेलात तिखट मोजायची दोनच मापं होती. एक माझं: टेबलावर पाण्याचे किती जग गेले. दुसरं देठकाकूंचं: किती देठ निघाले. काकूंचं माप माझ्यापेक्षा पक्कं होतं हे मी मोकळेपणाने कबूल करतो.

हॉटेल लहानसंच. बारा टेबलं, पुढे काचेचं दार, मागे भटारखाना. मालकीणबाईंचे सासरे तरुणपणी बोटीवर आचारी होते. पूर्वेकडच्या कुठल्या कुठल्या बंदरांत उतरून, तिथल्या बायकांच्या चुलीपाशी बसून त्यांनी जे पदार्थ शिकून आणले, त्यांवरच हे हॉटेल उभं होतं. गवती चहा आणि लिंबाची पानं घातलेलं आंबट-तिखट सूप, नारळाच्या दुधातला रस्सा, वाफेवर शिजवलेला मासा, परतलेले नूडल्स. आणि या सगळ्यात मिरची एकच, ती म्हणजे लवंगी.

लवंगी म्हणजे करंगळीच्या पेराएवढी चीज, पण तिच्या वाटेला जाताना भल्याभल्यांनी विचार करावा. झाडावर सुद्धा ती इतर मिरच्यांसारखी खाली मान घालून लोंबत नाही, आभाळाकडे तोंड करून उभी असते. आमच्याकडे ती सुपात ठेचून जायची, रश्श्यासाठी लसूण आणि आल्याबरोबर दगडी खलात वाटून जायची, माशावर तेलात परतून अख्खी जायची. अख्खी घातली की नुसता वास देते, गुण दाखवत नाही. ठेचली की मात्र पोटातलं सगळं बोलून टाकते. शिवाय चिरून व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या मिरच्यांची एक बाटली प्रत्येक टेबलावर असायची, ती ज्यांना मरायचंच आहे त्यांच्यासाठी.

या सगळ्या मिरच्यांचे देठ काढायचं काम एका बाईचं होतं. हजेरीच्या वहीत तिचं नाव होतं, पण ते मालकीणबाईंशिवाय कोणी वाचलं नसेल. आम्ही सगळे देठकाकूच म्हणायचो. अंगाने काडी, आवाजाने नगारा. भटारखान्यात शेगडीपासून चार पावलांवर त्यांचं ठेंगणं स्टूल होतं. सकाळी आल्या की आधी हातांना तेल चोळायच्या, मग टोपली पुढ्यात घ्यायच्या, आणि देठाला नख, मिरचीला हिसका, असं सुरू व्हायचं ते दुपारच्या गर्दीपर्यंत. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम जरासं वाढवलेलं होतं. त्या नखाला त्या "माझं अवजार" म्हणत.

फार पूर्वी एका गिऱ्हाइकाच्या दाढेत देठ अडकला होता आणि त्यावरून काकूंना बोलणी खावी लागली होती. तेव्हापासून त्यांनी नेम धरला. प्रत्येक भांड्यासाठी काढलेले देठ वेगळ्या बशीत ठेवायचे आणि मोजायचे. मिरच्या जितक्या, तितके देठ. एक जरी कमी भरला तरी भांडं पुढे जाऊ द्यायच्या नाहीत, मग शेगडीवरचे वस्ताद कितीही ओरडोत.

आणि गंमत ऐका. अकरा वर्षं रोज हजारो मिरच्या हाताळणारी ही बाई स्वतः तिखट खायची नाही. डब्यात मऊ भात, उकडलेला बटाटा आणि चिमूटभर मीठ. चुकून रश्श्याचा थेंब जिभेवर पडला तर उचकी लागायची आणि मग पंधरा मिनिटं सगळा भटारखाना त्यांची उचकी मोजत बसायचा. "मी मिरचीची नोकर आहे, पाहुणी नाही," असं त्या म्हणायच्या.

आम्ही एकाच गल्लीत राहायचो, त्यामुळे त्यांचं घर मला ठाऊक होतं. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या. मुलगी शिवणकाम करायची, जावई रंगारी, आणि नात दीड वर्षाची. काकू घरी आल्या की नात धावत यायची आणि काकू दोन्ही हात वर करून उभ्या राहायच्या, पोलिसांनी धरल्यासारख्या. साबणाने दोनदा हात धुतल्याशिवाय त्या पोरीला बोट लावायच्या नाहीत. पण पोरीला तेवढा धीर कुठला? मग काकू तिचे कोपराने लाड करायच्या. कोपराने गाल, कोपराने पोट. त्या पोरीला बरेच दिवस वाटत असणार की आजीला बोटं नसतातच.

आता वस्तादांबद्दल. वस्ताद म्हणजे आमचे मुख्य आचारी. साठी ओलांडलेले, खांद्यावर टॉवेल, पोट शेगडीच्या आधी पोचायचं. बायको नाही, मुलंबाळं नाहीत, भावाच्या घरात मागची एक खोली. ती खोली त्यांनी फक्त झोपण्यापुरती वापरली. बोटीवरच्या सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेले ते शेवटचे. शेगडीजवळ दुसऱ्याला उभं राहू देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. ते कधी मागे वळूनही बघायचे नाहीत. डावा हात नुसता मागे करायचे आणि म्हणायचे, "वाटी!" काकू उठून मिरच्यांची वाटी त्या हातावर ठेवायच्या. अकरा वर्षांत या दोघांचं जे बोलणं झालं त्यातलं निम्मं "वाटी" होतं आणि उरलेलं भांडण.

त्या वर्षी थंडीत वस्तादांना मोठा ताप आला. पंधरा दिवस घरी होते. परत आले ते पोट थोडं उतरवून, पण आवाज तोच. शेगडीपाशी उभे राहिले, सूप चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "हल्लीच्या मिरचीत काही राम राहिला नाही. अजून एक वाटी!"

तिथून सगळं सुरू झालं. माझे पाण्याचे जग आधी टेबलामागे दोन जायचे, ते चार झाले, मग पाच. सूप पिताना लोक कोट काढायला लागले. एका बाईने मला विचारलं, "तुमचं आमच्याशी काही वैर आहे का?" नाक चोंदलेला एक माणूस तेवढा खूश झाला, पण नाक चोंदलेल्या गिऱ्हाइकांवर हॉटेल चालत नाही. बाईंनी भाजीवाला बदलला. नवीन भाजीवाल्याच्या मिरच्या पाहून वस्ताद म्हणाले, "ह्या तर त्याहून मिळमिळीत. अजून!"

बाईंना खरा धक्का बसला तो चष्मेवाल्यांमुळे. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, आता ते मुलगा बघायचा. वीस वर्षं दर मंगळवारी दुपारी ते खिडकीजवळच्या टेबलाशी बसून एकच सूप प्यायचे. वाफेने काचा धुरकट व्हायच्या म्हणून चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि आंधळ्यासारखं चाचपडत सगळं भांडं संपवायचे. त्या मंगळवारी त्यांनी चार चमचे घेतले, चष्मा डोळ्यांवर चढवला, भांड्यात नीट बघितलं आणि उठून गेले. पुढचे दोन मंगळवार आलेच नाहीत.

तिसऱ्या सोमवारी बाईंनी मला बाजूला घेतलं. "मी चष्मेवाल्यांना फोन केला होता. या रविवारी घरच्यांना घेऊन जेवायला या म्हटलं. वस्तादांना मी काही बोलत नाही. पण रविवारी सुद्धा तेच झालं, तर त्यांनी आता आराम करावा हे बरं. वय झालंय त्यांचं."

बाई वाईट नव्हत्या. पण आराम? ज्या माणसाला घर म्हणून एक मागची खोली आहे, त्याने आराम करायचा कुठे?

संध्याकाळी घरी जाताना मी काकूंना सगळं सांगितलं. त्या न थांबता चालत होत्या.

"अरे लंब्या," त्या म्हणाल्या, "सुपाच्या एका भांड्याला चाळीस देठ निघायचे. अकरा वर्षं मी चाळीसच मोजलेत. कधी एक कमी, कधी एक जास्त. काल किती निघाले सांग?"

"पन्नास?"

"एकाहत्तर."

"मग मिरची फिकी असेल. वस्ताद म्हणतायत तसं."

काकूंनी आपला हात माझ्या नाकाशी धरला. हात धुतलेला, तरी मला सटासट शिंका आल्या. "ही फिकी मिरची का रे? मिरची आहे तशीच आहे. तापाने त्यांची जीभ गेलीय. मिठाचं सुद्धा कळत नाही. परवा माझ्या डब्यातला भात खाऊन म्हणाले, छान झालाय. माझा भात! तो मला सुद्धा छान लागत नाही."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"महिना झाला."

"मग बाईंना सांगायचं ना!"

आता मात्र काकू थांबल्या. "आणि मग? मग बाई त्यांना हार घालतील, खुर्चीत बसवतील आणि घरी पाठवतील. तो माणूस खुर्चीत बसला की संपला, लंब्या. माझ्याशी भांडतात, खडूस आहेत, सगळं खरं. पण मी पहिल्या दिवशी आले तेव्हा हातांची आग आग होऊन रडत होते, तेव्हा कोणी तेलाची वाटी आणून दिली? त्यांनीच. तोंडाने शिव्या देत देत दिली, पण दिली. नाही, मी नाही सांगणार."

"मग करणार काय?"

"बघते," म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी पाहतो तर काकू नेहमीच्या दीड तास आधी हजर. मांडीवर ताट, हातात सुई. एकेक लवंगी उभी चिरायची, सुईच्या टोकाने आतल्या बिया आणि ती पांढरी शीर खरवडून काढायची, आणि रिकामी मिरची वाटीत टाकायची. तिखटपणाचं घर त्या शिरेत असतं. ती काढली की उरतं ते नुसतं साल, दिसायला मिरची आणि स्वभावाने भोपळी.

"पहिली वाटी अस्सल," काकू मला हळूच म्हणाल्या. "मोजून चाळीस. पुढच्या 'अजून'ला ह्या. म्हणू देत किती वेळा म्हणायचंय ते."

एक अडचण होती. वस्ताद मिरची स्वतः सुरीच्या पात्याखाली दाबून ठेचायचे, आणि चिरलेली मिरची त्यांच्या नजरेतून सुटली नसती. तेव्हा दुसरी वाटी काकू आधीच दगडाने ठेचून द्यायच्या. घाईच्या वेळी वस्तादांना ते बरंच वाटलं. "शहाण्या झालात काकू," असं सुद्धा म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा!

त्या दिवशी टेबलामागे दोन जग गेले. बुधवारी दोन. गुरुवारी एका गिऱ्हाइकाने "जरा अजून तिखट चालेल" असं म्हटलं तेव्हा मी त्याला मिठी मारायचीच बाकी ठेवली. वस्ताद शेगडीशी उभे राहून "अजून!" म्हणत होते, काकू वाटी पुढे करत होत्या, आणि सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

फक्त काकूंचे हात. देठ काढताना मिरचीचं साल फुटत नाही, निदान फुटू नये. इथे तर रोज दोनशे-अडीचशे मिरच्या चिरून खरवडायच्या. तेल काय करणार? शुक्रवारपर्यंत बोटं सुजून केळ्यांसारखी झाली. मुलीने घर डोक्यावर घेतलं. "आई, हे काय करून घेतलंस? उद्यापासून कामावर जायचं नाही!" काकू म्हणाल्या, "रविवारपर्यंतच गं." नातीला उचलता येईना. कोपराने लाड करायला गेल्या तर कोपरापर्यंत आग पोचलेली. मुलगी माझ्या घरी येऊन मला तावातावाने बोलून गेली, "तुम्ही तरी सांगा तिला!" मी काय सांगणार? मी त्या कटात सामील होतो.

शनिवारी दुपारी व्हायचं ते झालं. वस्तादांनी "अजून!" म्हणून हात मागे केला. काकूंनी वाटी ठेवली, पण त्या दिवशी मिरच्या ठेचलेल्या नव्हत्या. सुजल्या बोटांत दगड धरवतच नव्हता. वस्तादांनी वाटी ओट्यावर पालथी केली, पातं आडवं धरून दाबलं आणि थबकले. पुन्हा दाबलं. कान खाली नेला.

भरलेली लवंगी पात्याखाली फुटते तेव्हा टप् असा बारीक आवाज होतो. मला तो कधी ऐकू आला नव्हता. वस्तादांना चाळीस वर्षं ऐकू येत होता. आज आवाज झाला नाही.

त्यांनी एक मिरची उचलून उलगडून पाहिली. दुसरी पाहिली. मग ते मागे वळले. ते मागे वळतात हे आम्हाला सगळ्यांनाच नवीन होतं.

"माझ्या मिरच्या खच्ची कोणी केल्या?"

भांडी घासणारी बाई सुद्धा नळ बंद करून उभी राहिली.

"मी केल्या," काकू म्हणाल्या.

"माझ्या शेगडीवर? मला फसवलंत? चार दिवस मी साली शिजवतोय? काकू, देठ तोडता तोडता तुम्हाला आचारी व्हायची हौस आली काय?" वस्तादांच्या कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या होत्या. तोंडाचा पट्टा चालूच.

काकू उठल्या. त्यांनी स्टुलाखालून दोन बशा काढून ओट्यावर ठेवल्या. "ही आजची पहिली वाटी. ही तुमची 'अजून'ची. तुमच्या जिभेचं राहू द्या, तुम्ही देठ मोजा."

वस्ताद खरंच मोजू लागले. रागारागाने, एकेक देठ बोटाने सरकवत. पहिल्या बशीत चाळीस. दुसऱ्या बशीत अडतीसपर्यंत आले आणि तिथे त्यांचं बोट थांबलं. अजून बरेच उरले होते. त्यांनी मान वर करून काकूंच्या हातांकडे पाहिलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. आवाज एवढा बारीक की मला आधी वाटलं दुसरंच कोणीतरी बोललं.

"तापापासून."

"म्हणजे मिरची ठीक आहे."

"मिरची ठीक आहे, वस्ताद."

ते आतल्या तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसले. टॉवेल तोंडावर धरला. मला खोटं बोलायचं नाही, मलाही रडू आलं, आणि त्यात मिरचीचा काही हात नव्हता. थोड्या वेळाने ते उठले, तेलाची बाटली काकूंच्या पुढ्यात आपटली आणि पुन्हा शेगडीपाशी उभे राहिले. "अजून" मात्र एकदाही म्हणाले नाहीत.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा वस्ताद शेगडीपाशी उभे होते आणि सूप तयार होतं, मिरचीशिवाय.

"काकू, इकडे या. देठ राहू द्या."

काकू चार पावलं चालून शेगडीपाशी गेल्या. वस्तादांनी पळी पुढे केली. "चाखा."

"वस्ताद, मी तिखट खात नाही."

"माहीत आहे. म्हणूनच. माझी जीभ चाळीस वर्षं वापरून झाली. तुमची कोरी आहे. मी एकेक करून मिरची घालतो, तुम्ही चाखत राहा. किती घातल्या ते तुम्हाला कळू द्यायचं नाही. तुम्ही पाठ करून उभ्या राहा."

मग जे झालं त्याची तुम्ही कल्पना करा. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या, वस्ताद पात्याखाली मिरच्या फोडतायत, टप् टप्, थोडं उकळू देतायत, आणि मी पळी घेऊन मधल्यामध्ये येरझारा घालतोय. थोड्या वेळाने काकूंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मग डोळ्यांतून धार लागली. "अजून चालेल," त्या म्हणाल्या. वस्ताद त्यांच्या पाठीकडे असे बघत होते, जसं उतू जाणाऱ्या दुधाकडे बघतात. पुढची पळी. पुढची.

"उच्!"

"थांबा!" वस्ताद ओरडले. "लंब्या, किती?"

मी ओट्यावरचे देठ मोजले. एकेचाळीस.

"एक जास्त झाली," वस्ताद म्हणाले आणि पळीने शोधून एक मिरची बाहेर काढली. काकूंना उचकीत हसू आवरेना.

चष्मेवाले आले, मुलगा, सून आणि दोन नातवंडांसह. मी सूप ठेवलं. त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, चष्मा काढून त्यात ठेवला आणि चमचा उचलला. बाई काउंटरमागे उभ्या होत्या, पण हिशेबाकडे लक्ष कुठलं. चष्मेवाल्यांनी भांडं रिकामं केलं, तोंड पुसलं आणि सुनेला म्हणाले, "बघ, मी सांगत होतो ना. हे ते सूप." एवढंच. जग एकच गेला, तोही नातवंडांनी खेळत सांडला म्हणून.

बाई हसत भटारखान्यात आल्या. "वस्ताद, जमलं की! मी उगाच काळजी करत होते. आता काही बोलायला नको."

मी वस्तादांकडे पाहिलं, काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. गप्प राहिले असते तर त्यांचं काही बिघडत नव्हतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी सगळं पूर्वीसारखं चाललं असतं. आम्ही दोघं तर मेलो तरी बोललो नसतो.

"बाई," वस्ताद म्हणाले, "मला चव कळत नाही. गेले दोन महिने कळत नाही. आठवडाभर हॉटेल काकूंनी सांभाळलंय. हात बघा त्यांचे." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. "शेगडी त्यांच्याकडे द्या. कुठल्या वेळी काय पडतं ते त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. अकरा वर्षं चार पावलांवर बसून बघितलंय."

बाईंनी काकूंचे सुजलेले हात पाहिले. मग काकूंना म्हणाल्या, "येईल तुम्हाला?"

"येईल," काकू म्हणाल्या. "पण वस्ताद शेजारी पाहिजेत. ते नसतील तर मी पण नाही."

"ते काय करतील पण?"

वस्ताद काकूंच्या ठेंगण्या स्टुलापाशी गेले, त्यावर बसायला त्यांना जरा कष्टच पडले, आणि त्यांनी मिरच्यांची टोपली पुढ्यात ओढली. "देठ काढायला जीभ लागत नाही," ते म्हणाले. बाईंना हसावं की रडावं ते कळेना. शेवटी त्या "करा मग काय करायचं ते" असं म्हणून नाक पुसत बाहेर गेल्या.

सोमवारी सकाळी काकू शेगडीपाशी, हातांना पट्ट्या बांधून, आणि वस्ताद स्टुलावर. ते इतके वाईट देठ काढत होते की बघवेना. निम्म्या मिरच्या फुटत होत्या. काकू वळून वळून ओरडत होत्या, "नख लावा, ओढू नका! ती मिरची आहे, गाईचं शेपूट नाही!" वस्ताद बडबडत होते, भटारखाना हसत होता, आणि त्या हसण्याच्या नादात वस्तादांनी घाम पुसायला म्हणून मिरचीचं बोट थेट डोळ्यात घातलं.

"आई गं!"

आम्ही सगळे धावलो. कोणी दूध आणलं, कोणी पाणी. वस्ताद डोळे गच्च मिटून स्टुलावर डुलत होते, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते. आधी मला वाटलं वेदनेने चेहरा असा झालाय. पण नाही, ते खरंच हसत होते.

"झोंबतंय!" ते म्हणत होते. "काकू, झोंबतंय हो! लंब्या, लागतंय रे मला, लागतंय!"

दोन महिन्यांनी त्या माणसाला मिरची कळली होती. काकू दुधाचं फडकं घेऊन आल्या आणि त्यांनी ते त्यांच्या डोळ्यांवर दाबून धरलं. "दुसरा चोळू नका आता," त्या म्हणाल्या.

वस्तादांनी फडक्याखालूनच मान शेगडीच्या दिशेने वळवली. "ते राहू द्या," ते म्हणाले, "आच कमी करा आधी. सूप उकळतंय."

काकूंनी जाऊन आच कमी केली.